लॅपटॉपचं वायफाय कार्ड घरच्या घरी बदलायचंय? आधी हे बघून घ्या, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या

लॅपटॉपवर वायफाय रडायला लागलं की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो इंटरनेटवाल्याला, मग शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा होतो, मग राऊटर नवीन येतो, आणि एवढं करून त्या एका लॅपटॉपवर झूम कॉल अडकायचा तो अडकतोच. कारण गडबड लॅपटॉपच्या आतल्या कार्डात असते. हे कार्ड साधारण हजार-दोन हजारात मिळतं आणि हाताला थोडी सवय असेल तर अर्ध्या-पाऊण तासात बदलता येतं. बदलण्याचं काम सोपंच आहे, लोक फसतात ते खरेदीत. आपल्या लॅपटॉपला न चालणारं कार्ड आणायचं, ते स्लॉटमध्ये बसतंय की नाही एवढंच बघायचं, आणि चाललं नाही की लॅपटॉपच खराब झाला असं समजायचं. म्हणून मी खरेदीच्या आधीच्या गोष्टींवर जास्त लिहितोय, कंटाळू नका.

सगळ्यात आधी खात्री करा की दोष कार्डाचाच आहे. लॅपटॉप आणि मोबाईल एकाच टेबलावर ठेवा, दोन्ही एकाच वायफायला जोडा आणि स्पीड टेस्ट लावा. नाशिकमध्ये इंदिरानगरला मावशीकडे असंच केलं तर मोबाईलवर नव्वद एमबीपीएसच्या वर येत होतं आणि शेजारच्या लॅपटॉपवर तीसच्या पुढे जाईना. दोन्हीवर सारखंच कमी येत असेल तर कार्ड बदलून काही होणार नाही, मग राऊटर किंवा लाईनकडे बघा. मोबाईलला राऊटरचं ५ गीगाहर्ट्झचं नाव दिसतंय आणि लॅपटॉपच्या यादीत ते येतच नाहीये, तर तुमचं कार्ड फक्त २.४ गीगाहर्ट्झचं आहे हे जवळपास नक्की. आणखी पक्कं करायचं असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स (netsh wlan show drivers) ही कमांड इंग्रजीतून टाका, त्यात रेडिओ टाइप्स सपोर्टेडच्या ओळीत ८०२.११बी, जी, एन एवढंच असेल आणि ए किंवा एसी नसेल तर तेच. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी कितीतरी वर्षं असली एका अँटेनाची, एका बँडची कार्डं टाकलीत, आणि त्याच लॅपटॉपचा प्रोसेसर आणि रॅम अजून चार वर्षं आरामात चालण्यासारखी असते. असा लॅपटॉप भंगारात गेलेला मला बघवत नाही, म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

दुसरी तऱ्हा म्हणजे वायफाय अचानक गायबच होतं, सेटिंगमध्ये बटणच दिसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड १०. इथे लगेच नवीन कार्ड घेऊ नका. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो आणि कार्ड नव्याने सुरू होतं, बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होतं. तरी आलं नाही तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाका. तेही करून झालं आणि तरी कार्ड दिसतच नसेल, तेव्हा बदलायचा विचार करा.

आता कोणतं कार्ड. इथे घाई नको.

साधारण दहा वर्षांपेक्षा जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असतो, कार्ड जवळपास चौकोनी असतं, साधारण ३० बाय २७ मिलिमीटर. त्यानंतरच्यांमध्ये एम.२ असतो, आणि वायफायचं एम.२ कार्ड बहुतेक वेळा २२३० मापाचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. ही दोन कार्डं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अँटेनाचे कनेक्टरही वेगळे असतात, जुन्याचे जरा मोठे आणि एम.२ चे फारच बारीक. जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेसवाल्यांसाठी इंटेलचं ७२६० एचएमडब्ल्यू हे ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारं, कार्ड चांगलं आहे, सेकंडहँड मिळून जातं आणि विंडोज ७ वरसुद्धा चालतं. एएक्स२०० किंवा त्यापुढच्या कार्डांना इंटेलने विंडोज ७ चा ड्रायव्हर दिलेलाच नाही, त्यामुळे जुना लॅपटॉप जुन्याच विंडोजवर ठेवायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एम.२ मध्ये एक मोठा खड्डा आहे. कार्ड दिसायला सारखं, माप सारखं, पण इंटेलची काही कार्डं अर्धवट असतात, म्हणजे त्यांचं निम्मं काम लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग असतो. याला सीएनव्हीआय म्हणतात. ९४६१, ९४६२, ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही सगळी या जातीची. एएमडी रायझनच्या लॅपटॉपमध्ये ही कार्डं चालत नाहीत म्हणजे नाहीतच, आणि इंटेलच्याही जुन्या पिढ्यांमध्ये चालत नाहीत. याउलट ९२६०, एएक्स२००, एएक्स२१० ही पूर्ण कार्डं, ती एएमडी आणि इंटेल दोन्हीकडे चालतात. एएक्स२१० आणि एएक्स२११ मध्ये एका आकड्याचा फरक, पण दुकानात काउंटरवर हाच आकडा मागे-पुढे होतो आणि मग गिऱ्हाईक घरी जाऊन डोकं धरून बसतं. रायझनवाल्यांनी डोळे झाकून एएक्स२१० मागावं, किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२. इंटेलवाल्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये आत्ता कोणतं कार्ड आहे ते बघावं, ते सीएनव्हीआय जातीचं असेल तर एएक्स२१० चालण्याची शक्यता बरीच असते पण काही लॅपटॉपच्या स्लॉटला फक्त सीएनव्हीआयच जोडलेलं असतं, अशा वेळी आपल्या मॉडेलमध्ये दुसऱ्या कोणी काय बसवलंय ते शोधून मगच पैसे टाका.

तिसरी अडचण बायोसची, म्हणजे लॅपटॉप चालू करताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. एचपी आणि लेनोवोच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये बायोस फक्त कंपनीने मंजूर केलेलीच कार्डं घेतं. दुसरं कार्ड लावलं की एचपीवर १०४ नंबरचा मेसेज येतो की असं वायरलेस डिव्हाइस चालत नाही, लेनोवोवर १८०२ नंबरचा येतो, आणि लॅपटॉप पुढे जातच नाही. घाबरू नका, काही जळालेलं नसतं. बंद करा, जुनं कार्ड परत लावा, चालू होतो. हा प्रसंगच येऊ नये म्हणून आपल्या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून आधी डाऊनलोड करा, त्यात पार्टच्या यादीत कोणकोणती वायरलेस कार्डं चालतात ते दिलेलं असतं, त्यातलंच ड्युअल बँडचं शोधा. बायोसमध्ये फेरफार करून ही अडवणूक काढायचे प्रकार लोक करतात, मी कोणालाही सांगणार नाही, हजाराच्या कार्डापायी मदरबोर्ड जायचा.

तेच मॅन्युअल आणखी एका कामाला येतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, स्लॉटच नसतो. मॅन्युअलमध्ये वायरलेस कार्ड काढायचं पान नसेल तर हे समजून जा. मग युएसबी डोंगलशिवाय पर्याय नाही, आणि तो घ्यायचाच असेल तर ड्युअल बँडचा आणि युएसबी ३ चा घ्या.

नाशिकमध्ये एमजी रोडवर कॉम्प्युटर-मोबाईलचे पार्ट मिळतात, ऑनलाइनही मिळतं. मी समोर बघून घेण्याच्या मताचा आहे. जाताना जुन्या कार्डाचा आणि त्यावरच्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नवीन कार्डावरचा नंबर स्वतः वाचा, पाकिटावरचा नको, कार्डावरचा. सोनेरी कनेक्टरची दोन छोटी गोल टोकं सरळ आहेत ना ते बघा, सेकंडहँडमध्ये ती चेपलेली असतात. चाललं नाही तर परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या.

कार्ड आलं की लगेच उघडायला बसू नका. नवीन कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीचा, कारण दोन्हींची फाइल वेगळी असते आणि बदलल्यावर नेट नसेल तर कुठून डाऊनलोड करणार. पेनड्राइव्ह नसेल तर मोबाईल केबलने जोडून युएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं, चालतं. विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कार्ड बदलल्यावर ती सहसा विचारत नाही पण मधे बायोसला हात लावलात तर विचारू शकतं आणि त्या वेळी शोधाशोध नको. मग शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. नुसतं शटडाऊन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, निम्मी अवस्था साठवून ठेवतं, आणि मग नवीन कार्ड ओळखताना गोंधळ घालतं.

लॅपटॉप उलटा केल्यावर आधी बघा की खालचं कव्हर किंवा टचपॅड फुगलेलं तर नाहीये. फुगलेलं असेल तर बॅटरी फुगलीये, तिथेच थांबा, प्लास्टिकची पट्टीसुद्धा आत घालू नका, आधी बॅटरीचं बघा.

सगळं ठीक असेल तर एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवत जा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरून कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं किंवा प्लास्टिक फाटतं. रबराच्या पायाखाली आणि स्टिकरखालीही स्क्रू असतात, कव्हर एका जागी अडून बसलं की जोर लावायच्या आधी तिथे बोट फिरवा, खड्डा लागतो. स्क्रू ड्रायव्हर बारीक फुलीचा आणि चांगल्या लोखंडाचा घ्या, स्वस्तातल्या सेटने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो निघतच नाही. कव्हर सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं, बिजागरीच्या बाजूने सुरुवात करू नका.

आत दिसल्यावर पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवा. हे केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मग पॉवर बटण पाचेक सेकंद दाबा. आणि एक आपल्या नाशिकसाठी, डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी आणि थंड असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच चार्ज बोटातून कार्डात गेला तर कार्ड जाऊ शकतं. त्या दिवसांत लोकरीचं काही अंगात नको, गालिच्यावर बसून काम नको, आणि कार्ड उचलण्याआधी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूच्या भागाला हात लावा. कार्ड कायम कडेने धरायचं, चिपवर किंवा सोनेरी पट्टीवर बोट नको.

आता जुन्या कार्डाचा जवळून फोटो काढा. दोन वायरी दिसतील, बहुतेक एक काळी एक पांढरी, या स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनाकडे जातात. त्या टोकाला जे बारीक गोल कनेक्टर आहेत ते ड्रेसच्या टिचबटणासारखे दाबून बसतात. वायर ओढून काढायची नाही, कनेक्टरच्या धातूच्या कडेखाली नख किंवा प्लास्टिकचं टोक घालून सरळ वर उचलायचं. हे एम.२ चे कनेक्टर तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, त्यामुळे गंमत म्हणून काढून बघू नका. मग कार्डाचा एक स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं, त्याच कोनात बाहेर ओढा.

नवीन कार्ड तसंच तिरकं घाला, खाच जुळली की सोनेरी पट्टी जवळजवळ पूर्ण आत जाते, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू फार आवळू नका, आटे गेले तर पंचाईत.

वायरी लावणं हे या सगळ्यातलं नाजूक काम आहे आणि इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. कनेक्टर बरोबर टोकाच्या वर आणा, डोळ्याने नाही तर बोटाने अंदाज घ्या, बारीकसं हलवून बघा, मध्यावर आला की तो घसरायचा थांबतो. तेव्हाच बोटाने सरळ खाली दाबा. बारीक खटका लागतो, ऐकू येत नाही, बोटाला कळतो. खटका लागला नाही तर जोर लावू नका, उचला आणि परत जुळवा. तिरका दाबला की आतली पिन वाकते आणि मग कार्डही गेलं आणि वायरही गेली. बसल्यावर वायर गोल फिरते पण वर येत नाही, ही खूण. काळी-पांढरी जुन्या फोटोप्रमाणे लावा, आजच्या कार्डांमध्ये उलटसुलट झाली तरी फार बिघडत नाही. पण लॅपटॉपमध्ये एकच वायर असेल, आणि स्वस्त मॉडेलमध्ये असते, तर ती मेन लिहिलेल्या किंवा १ नंबरच्या टोकाला लावा. एका वायरीवर दोन अँटेनांचं कार्ड निम्म्या वेगाने चालतं, तरीही जुन्या २.४ पेक्षा कितीतरी बरं. दुसरी अँटेना वेगळी विकत मिळते, स्क्रीनच्या चौकटीत घालता येते, पण स्क्रीन उघडायचा अनुभव नसेल तर ते काम माहीतगाराकडेच द्या.

जुन्या कार्डावर काळा कागद किंवा फॉइल असेल तर ते परत लावा. बॅटरी जोडा, कव्हर नुसतं बसवा, स्क्रू नंतर, आणि चालू करून बघा.

विंडोज १० आणि ११ बहुतेक कार्डं स्वतःच ओळखतं, तरी पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाकाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय दिसलं पण ब्लूटूथ नाही, असं झालं तर आधी ब्लूटूथची फाइल टाकली का ते बघा. ब्लूटूथ त्याच स्लॉटमधून पण युएसबीच्या मार्गाने चालतं, आणि काही लॅपटॉपमध्ये ती जोडणी नसते, मग वायफाय मस्त आणि ब्लूटूथ कधीच नाही अशी स्थिती राहते. लिनक्सवाल्यांनी कर्नल बघावा, एएक्स२०० ला ५.१ आणि एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढचा लागतो, फर्मवेअरचं पॅकेज अपडेट असावं, इंटेलची कार्डं मग वेगळं काही न करता चालतात. ब्रॉडकॉम किंवा काही रियलटेकला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि सिक्युअर बूट चालू असेल तर तो सही केल्याशिवाय लोड होत नाही, म्हणून लिनक्ससाठी मी इंटेलच सांगतो.

आता सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब उघडा, प्रिफर्ड बँडमध्ये ५ गीगाहर्ट्झला पसंती द्या, चॅनल विड्थ ऑटोवर असू द्या. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या अशी खूण असते, ती काढा, झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होण्याची तक्रार बऱ्याच वेळा इथेच मिटते. बाकी सेटिंगना हात लावायची गरज नाही. एएक्स२१० ला ६ गीगाहर्ट्झ येतं, पण त्याला राऊटरही तसाच लागतो आणि विंडोज ११ लागतं, म्हणून फक्त त्या आकड्याच्या मोहात जास्त पैसे घालू नका.

मग लिंक स्पीड बघा, सेटिंगमध्ये जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. दोन अँटेनांचं वायफाय ५ (म्हणजे वर सांगितलेलं एसी) कार्ड जवळून ८६६ एमबीपीएस दाखवतं आणि वायफाय ६ चं १२०१. ८६६ च्या जागी ४३३ दिसत असेल, किंवा राऊटरच्या जवळ चांगलं आणि दोन पावलं लांब गेलं की काड्या पडतात असं होत असेल, तर एक वायर नीट बसलेली नाही. कव्हर अजून स्क्रूशिवाय ठेवलंय ते याच्यासाठीच. बंद करा, बॅटरी सोडवा, वायर परत बसवा. प्रत्यक्षात डाऊनलोड लिंक स्पीडच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, त्यात कार्डाचा दोष नाही.

राऊटरकडे २.४ आणि ५ ची नावं वेगळी ठेवली तर कशाला जोडलोय ते कळतं. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ आणि विड्थ २० मेगाहर्ट्झ, सिडकोसारख्या दाट वस्तीत शेजारची डझनभर वायफाय दिसतात तिथे ४० लावून फायदा होत नाही. ५ वर ३६ ते ४८ मधला चॅनल घ्या, त्याच्या पुढच्या काही चॅनलवर रडारला जागा द्यायचा नियम आहे, त्यामुळे राऊटर मधेच चॅनल सोडतो आणि नेट तुटतं. आणि पंचवटी, जुन्या नाशिकच्या वाड्यांमध्ये भिंती दोन-दोन हात जाड, तिथे ५ गीगाहर्ट्झ एका खोलीच्या बाहेर नीट जात नाही, रो हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅबमधून जाताना पण तेच, अशा घरात २.४ ही जोडून ठेवा किंवा वरती दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना नंतर कळते, नवीन कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख नंबर, नवीन असतो. कॉलेज, होस्टेल किंवा ऑफिसच्या वायफायला जुना ॲड्रेस नोंदवलेला असेल तर लॅपटॉप जोडला जाणार नाही, तिथल्या ॲडमिनला नवीन द्यावा लागतो. आणि अंबड-सातपूर एमआयडीसीच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्यांनी तर आधीच विचारून घ्या, काही कॅड-कॅम सॉफ्टवेअरचं लायसन मॅक ॲड्रेसवर बांधलेलं असतं, ते नेमकं वायफाय कार्डावर असेल तर बदलल्यावर सॉफ्टवेअर उघडणार नाही आणि विक्रेत्याकडून लायसन परत काढून घ्यावं लागेल.

सगळं दोन दिवस नीट चाललं की मगच सगळे स्क्रू लावा. जुनं कार्ड नवीन कार्डाच्याच अँटिस्टॅटिक पाकिटात घालून त्यावर लॅपटॉपचं मॉडेल लिहून ठेवा, लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि कधी सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर तेच परत बसवून द्या.